वाऱ्याची मोट

शेडचे दार उघडायला बावीस मिनिटे लागतात.
तेवढ्यात वारा आपले मत बदलतो.
हे मी अहवालात पहिल्याच ओळीत लिहिले होते;
ब्रिगेडियरसाहेबांनी ते मागे ढकलले, पान एकेचाळीस,
'मर्यादा' या मथळ्याखाली, बारीक टायपात.

माझे काम एवढेच :
पाषाणहून पहाटे सुटलेल्या फुग्याचे आकडे घ्यायचे,
पाच किलोमीटरवर किती वारा, बारावर किती, विसावर किती,
आणि दिघीच्या माळावर, चहा यायच्या आत
सही करायची. आज उडेल.
किंवा, नाही.
बहुतेक वेळा नाही.

आत ती पडून असते, एकशे साठ मीटर,
रंग पावट्याच्या शेंगेच्या आतल्या अंगासारखा.
पारूबाई धोत्रे तिच्या कुशीवरून साबणाचे पाणी फिरवतात
रुंद ब्रशने, शिवणीशिवणीवरून.
वीस वर्षे पॅराशूट शिवलेले हात.
बुडबुडा आला की खडूने गोल करतात,
म्हणतात, "इथनं जीव जातोय हिचा."

हेलियम असा पाहुणा
की परदेशातून मिनतवाऱ्या करून आणायचा
आणि आल्या पावली तो चप्पल शोधत असतो.

फेब्रुवारीत एकदा सगळे जुळले.
गेली वर. थांबली.
विमान जाते, उपग्रह जातो,
ही जात नाही, एवढीच हिची करामत.
नऊ दिवस, नऊ रात्री.
कॅप्टन निर्झरा वाळिंबे पडद्यावर बोट ठेवून दाखवायची :
खडकीला मालगाडीवर चढणारे रणगाडे, मोजा, चौदा.
भीमेच्या वळणावर वाळूचे तीन ट्रक, दिवे बंद.
आळंदी रस्त्याला उलट्या बाजूने येणाऱ्या स्कूटर
(त्या मोजायच्या आम्ही सोडून दिल्या).
डोंगराआडून खालून सरपटत येणारे काहीही
आता लपणार नाही, साहेब म्हणाले,
आणि त्या दिवशी कँटीनमध्ये शिरा होता.

मी विचारले, आणि आपण कुठे लपणार?
सगळ्यांना बघणारा सगळ्यांना दिसतो.
पळायचे म्हटले तर ताशी ऐंशी,
तेही वाऱ्याने हो म्हटले तर.
शिरा खाताना असले प्रश्न विचारू नयेत.

सरावात शत्रू व्हायचे काम नगरच्या पलटणीला दिले होते.
त्यांनी क्षेपणास्त्र काढले नाही,
ड्रोनचा थवा नाही, काहीच नाही.
जाळ्या पांघरून बसून राहिले.
दहाव्या रात्री वर वारा फिरला, पश्चिमेचा, तुफान.
आमची मोट हळूहळू दौंडकडे सरकू लागली,
पंखे पूर्ण ताकदीने उलटे फिरत होते
आणि नकाशावरचा ठिपका तरी पूर्वेलाच.
चार तास पडद्यावर नुसता ऊस.
त्या चार तासांत नगरवाले आमच्या फाटकापाशी
बिस्किटे खात उभे होते.

नंतर कळले, त्यांचा हवामानवाला तांबोळी म्हणून कोणी,
निवृत्तीला आलेला, माझ्याच वयाचा.
आकडे पाषाणचेच घेत होता.
फुगाही तोच.
मी वाचून म्हणालो, सांभाळा;
तो वाचून म्हणाला, थांबा.

ती पाटसजवळ उतरली, कुणाच्या तरी फडात.
फुटली नाही. असली भोके पडून फुटत नाही ती,
साडेसहा तास घेतले तिने खाली यायला,
गावातली माणसे तिच्या आधी तिथे पोचली होती
आणि एकाने सावलीत बैल बांधला होता.
पारूबाई बादली घेऊन जीपमधून उतरल्या.
आधी बैल सोडवला.

युद्ध खरे झाले तर? निर्झराने विचारले परतताना.
मी काच खाली घेतली, हात बाहेर धरला.
उपयोग आहे, म्हणालो. ज्या दिवशी आहे त्या दिवशी आहे.
हे अहवालात कसे लिहायचे, ते मला अजून जमलेले नाही.

आज पहाटे विसावर शांत, बारावर संशय.
तिकडे तांबोळीही उठला असेल,
चष्मा शोधत असेल.
मी सही केली आहे.
कोणती, ते साडेसहाला दार हलले की कळेल,
किंवा न हलले की.